रहमतच्या हॉटेलातली पंगत

रहमत वारल्याची बातमी ढाणकीहून पुसदला आली, तेव्हा देवीलालने लखीराम मास्तरला विचारलं, तू त्याचा शाळेतला दोस्त, त्याच्या घरी आता कोण कोण आहे? मास्तरला सांगता आलं नाही. सातवीपर्यंत दोघं एका पट्टीवर बसले होते. पण रहमत सोळाव्या वर्षी घर सोडून का गेला, पाँडिचेरीपर्यंत कसा पोचला, हलीमाशी त्याचं लग्न कुठं झालं, यातलं मास्तरला काहीच ठाऊक नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं. रहमतचा एक शनिवार तेवढा त्याला पुरता माहीत होता, आणि तो कोणापुढे काढावा असा नव्हता.

रहमत परत आला तो सत्तावन्न साली. पाँडिचेरीत एका फ्रेंच माणसाच्या हॉटेलात त्याने बारा वर्षं स्वयंपाक केला होता. फ्रेंचांचा अंमल उठला, मालक हॉटेल विकून आपल्या मुलखात गेला, आणि रहमत बायकोला घेऊन पुसदला आला. बस स्टँडजवळ एक खोली घेतली. चार टेबलं मांडली, त्यांवर पांढऱ्या चादरी घातल्या, दारावर लाल रंगात ‘फ्रेंच हॉटेल’ असं लिहून घेतलं. लोक यायचे, पाटी वाचायचे आणि पुढे जायचे. त्याच्या पातेल्यात कशाचं मटण शिजतं कोण जाणे, अशी कुजबुज बाजारात सुरू झाली होती. ती रहमतच्याही कानावर गेली.

महिन्याभराने तो मास्तरच्या शाळेत आला. पटांगणातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, “तू पूनमसिंगले अन् देवीलालले घेऊन एक डाव जेवाले ये. दारापाशी बस, लोकाईले दिसू दे. तू मास्तर आहेस, तू खाल्लं का लोक येतीन.”

मास्तर मनातून फुगला. तांड्यातला पहिला शिकलेला माणूस तो. आपण खाल्लं की गाव खाईल, हे कोणीतरी प्रथमच बोललं होतं. शनिवारी सकाळची शाळा असते म्हणून त्यानेच शनिवार ठरवला.

तिघं दिवेलागणीला गेले. पूनमसिंग मास्तरच्याच तांड्याचा, एसटीत कंडक्टर. देवीलाल जिनिंगमधला मुकादम. रहमतने पांढरा कोट घातला होता. टेबलावर काटे-चमचे आणि घडी घातलेले रुमाल होते. पूनमसिंगने रुमाल उचलून पाहिला आणि म्हणाला, “आज जेवण हाये का हजामत?” रहमत मोठ्याने हसला. दाराबाहेर पाच-सहा जण विड्या ओढत उभे होते.

आधी कांद्याचं सूप आलं. खोलगट ताटलीत, वर भाजलेल्या पावाचा तुकडा. रहमत तिघांपुढे ताटल्या ठेवून आत गेला. तिघंही हात मांडीवर ठेवून बसले. पंगतीत सगळं वाढून झाल्याशिवाय घास उचलायचा नाही, हे अंगात मुरलेलं. भाकरी येईल, भाजी येईल, भात येईल, मग सुरू करू. सुपावरची वाफ गेली. दहा मिनिटांनी रहमत आला, त्याने भरलेल्या ताटल्यांकडे पाहिलं आणि त्या उचलून नेल्या.

मग मटण आलं, दाट रश्शातलं, सोबत उकडलेले बटाटे. तेव्हा मास्तरला उमगलं. इथं एक जिन्नस खायचा, ताटली जायची, मग दुसरा यायचा. दोघांना तसं सांगायला त्याने तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात देवीलाल खाली वाकून पुटपुटला, “मटण कायचं आहे बाप्पा?” बाहेरचे लोक आता दाराच्या चौकटीला टेकले होते. मास्तरने तोंड मिटलं. पहिल्या ताटलीच्या वेळी चूक झाली होती. दुसऱ्या वेळी ती चूक राहिली नाही. पूनमसिंगने चमचा उचलला होता, मास्तरकडे पाहून त्यानेही तो हळूच खाली ठेवला.

रहमत बाहेर आला. या वेळी त्याने ताटल्या उचलल्या नाहीत. म्हणाला, “खाऊन काहून नाही राह्यले?”

भाकरीची वाट पाहून राह्यलो, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मास्तर म्हणाला, “आज शनिवार हाये ना. शनिवारी आमी खात नाही.”

शनिवार कोणी ठरवला, ते रहमत बोलला नाही. “हो, माह्या ध्यानातच आलं नाही,” एवढंच म्हणाला. शेवटी दुधाचा गोड पदार्थ होता. तो दारापर्यंत आणून त्याने स्वतःच परत नेला. “याच्यात अंडं आहे. तुमाले हेबी चालणार नाही.” दारातले लोक पांगले. कोणाला काही सांगावं लागलं नाही.

पुढच्या आठवड्यात मास्तर तांड्यावर गेला. भुरीबाई, त्याची मावशी, अंगणात बसली होती. तिने आपणहून विषय काढला. त्या शनिवारच्या आधी रहमत पायी आला होता, तिचा एक बोकड पसंत करून घेऊन गेला होता. “दुसऱ्या कोठचा नको म्हणे. लखीरामच्या मनात शंका नको म्हणे. कसा होता रे?”

“चांगला होता,” मास्तर म्हणाला.

पाऊस लागायच्या आत पाटी उतरली. रहमतने लग्नांत स्वयंपाक करायला सुरुवात केली. आर्णी, उमरखेड, ढाणकी, जिथून बोलावणं येईल तिथं. पुढे ढाणकीलाच राहायला गेला. मास्तर रस्त्याने त्याला पाहायचा तेव्हा सायकलवरून उतरायचा, काहीतरी बोलायचं म्हणून. रहमत सलाम करून हसायचा, आणि ते हसणं संपेपर्यंत मास्तरचं धैर्य संपलेलं असायचं. त्या बोकडाबद्दल आपल्याला कळलंय, हे तो सात वर्षांत सांगू शकला नाही.

चौसष्ट साली पुसदच्या स्टँडवर दोघं समोरासमोर आले. रहमतजवळ मोठ्या झाऱ्यांचं गाठोडं होतं. मास्तरने गाठोड्याला हात लावला.

“रहमत, त्या दिवशी…”

“मास्तर, ढाणकीची गाडी लागली काय?”

मास्तरने वळून फलाटाकडे पाहिलं.

“लागली. गर्दी आहे पण.”

“जागा भेटन?”

“मागं भेटन.”

“बरं, येतो मंग.”

“ये.”