बाबांना खोडून काढायचं म्हणजे

आमच्या घाटकोपरच्या घरात खिडकीच्या ग्रीलवर रिमोटचे सेल वाळत पडलेले असायचे. उन्हात ठेवले की सेल पुन्हा भरतात, असं बाबांचं म्हणणं. बांगडा खाऊन वर दूध प्यायलं की अंगावर पांढरे डाग उठतात, फ्रिज भिंतीला टेकवला की लाइट बिल वाढतं, असंही त्यांचं म्हणणं. यातलं एखादं चुकून खरं निघायचं, आणि त्या एकाच्या जोरावर बाकीची सगळी खपून जायची.

त्यांचं सर्वांत लाडकं ज्ञान माहुलच्या खाडीचं. तिथे हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, ते गुलाबी दिसतात ते शेजारच्या रिफायनरीच्या पाण्यामुळे! मालवणहून मुंबईत आलेल्या बाबांनी आयुष्यभर त्याच भागातल्या एका कारखान्यात फिटरचं काम केलं, त्यामुळे या विषयात त्यांना साक्षीदाराचा मान होता. मी चौथीत असताना हे वर्गात उभं राहून सांगितलं होतं. बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "शक्य आहे." मग तर घरात ते शास्त्रच झालं.

पुढे माझ्या हातात फोन आला आणि मी सूड उगवायला सुरुवात केली. रोज सकाळी चहाबरोबर बाबांना एक व्हिडिओ. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात म्हटल्यावर ते म्हणाले, "मोजायला कोण गेलं होतं?" ऑस्ट्रेलियात वॉम्बॅट नावाचा एक गुबगुबीत प्राणी आहे, त्याच्या लेंड्या चौकोनी असतात, हे दाखवलं तेव्हा मात्र ते इतके हसले की चहा नाकात गेला. लगेच सावरून म्हणाले, "पाळलेला असणार. साच्यातून काढत असतील." अशा माणसाला कसं खोडून काढायचं? आई कांदा चिरता चिरता आमचं भांडण ऐकायची आणि दोघांनाही वेड्यात काढायची.

गेल्या वर्षी आई गेली. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि बाबा सगळ्याला हो म्हणायला लागले. आमटीत मीठ कमी पडलंय? चालेल. डॉक्टरांकडे जायचं? जाऊ. एकदा मी सवयीने म्हटलं की सेल उन्हात ठेवून काही होत नाही, तर त्यांनी उठून ग्रीलवरचे सगळे सेल कचऱ्यात टाकून दिले.

मग मी नेटाने व्हिडिओ शोधू लागले. एखादा तरी त्यांना डिवचेल असं वाटायचं. शेवटी हुकमाचं पान काढलं. फ्लेमिंगोची पिल्लं राखाडी जन्मतात, पुढे शेवाळ आणि कोळंबीच्या जातीचे बारीक जीव खाऊन खाऊन त्यांना गुलाबी रंग चढतो, असं सगळं त्यात होतं. "रिफायनरीचा काही संबंध नाही हं, बाबा," मी मुद्दाम खोचून म्हटलं आणि वाट बघत बसले. बाबांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. "बरोबर असेल तुझं," म्हणाले आणि कप विसळायला उठले. मी बाथरूमचा नळ सोडून रडले. आईपाठोपाठ बाबाही हळूहळू चालले आहेत आणि आपल्याला काहीच करता येत नाही, असं वाटलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी त्यांना जवळजवळ ओढतच माहुलच्या जेट्टीवर नेलं. ओहोटी होती. लांब चिखलात पक्षी माना खाली घालून चरत होते. आमच्या शेजारी एक गृहस्थ आपल्या बायकोला समजावत होते, "हे सगळं केमिकल आहे, कळलं ना? रिफायनरीचं पाणी."

बाबांनी मान वळवली.

"ओ साहेब, कोणी सांगितलं तुम्हाला? खाण्यामुळे गुलाबी होतात ते. पिल्लं राखाडी असतात. जरा व्हिडिओ वगैरे बघत जा की!"

गृहस्थ ओशाळले. बाबांना चेव चढला. "आणि एका पायावर का उभे राहतात, ठाऊक आहे? दुसरा पाय झोपलेला असतो. आळीपाळीने झोपवतात." त्या बाईंनी भक्तिभावाने मान हलवली.

"बाबा, काहीही काय सांगता!"

"गप ऱ्हव गो! तुका काय म्हायत?" बाबा तापले की मालवणीवर येतात.

रिक्षात बसल्यावरही ते थांबले नाहीत. पाय झोपतो म्हणजे नेमकं काय होतं, मग घोड्याचा का झोपत नाही, असं मी विचारत सुटले आणि प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे ठाम, साफ चुकीचं उत्तर होतं. घाटकोपर जवळ आलं तसा त्यांचा आवाज चढत गेला, आणि आई गेल्यापासून आमच्या घरात कोणी मोठ्याने बोललंच नव्हतं हे मला तेव्हा कळलं. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, जरा लांबच्या रस्त्याने घ्या."