काकूंचं म्हणणं, जसंच्या तसं

सरांनी माझा ब्लॉग वर्गाच्या भिंतीवर लावला. प्रोजेक्टरवर, मोठ्या अक्षरांत. सगळ्यांसमोर वाचला. आईबद्दलचं वाक्य आलं तेव्हा आवाज बारीक केला, रडका केला. पोरं हसली.

"ये ख़बर नहीं है, ये रोना है," सर म्हणाले.

मी भोपाळात पत्रकारिता शिकत होते. वडील सरकारी कारखान्यात फिटर, राहायला कारखान्याचीच वसाहत. आम्ही नागपूरचे बौद्ध. शेजारच्या मराठी घरांतले पुरुष वडिलांच्याच खात्यात, त्यांच्याच ग्रेडचे. तरी आमचं आडनाव ऐकलं की त्यांची नजर बदलायची.

ब्लॉगवर मी संक्रांतीचं हळदीकुंकू लिहिलं होतं. मराठी मंडळाचं, वसाहतीच्या हॉलमध्ये. आई नवी साडी नेसून बायकांच्या ओळीत उभी होती. मंडळाच्या सेक्रेटरी काकू एकेकीला कुंकू लावत आईपाशी आल्या. वाणाचा डबा तिच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "तू आत बघ गं, चहा उतू जाईल." करंडा पुढच्या बाईकडे गेला. आई आत गेली. चहा अजून गॅसवर चढलाही नव्हता.

वर्ग सुटल्यावर सरांनी मला थांबवलं. सर मराठीच, अरेरा कॉलनीसारख्या सुखवस्तू भागातले.

"अगं, आपल्या लोकांच्या गोष्टी हिंदीत चव्हाट्यावर कशाला मांडतेस? आणि हे एकतर्फी आहे. दुसरी बाजू घे. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं टाक."

मग हळूच म्हणाले, एका पेपरात इंटर्नशिपसाठी नाव पाठवायचंय, तुझं पाठवावं म्हणतोय. ती जागा मला हवी होती. फार हवी होती.

मी काकूंकडे गेले. ब्लॉगसाठी विचारतेय, हे आधीच सांगितलं. त्यांनी प्रेमाने बसवलं, तिळाची वडी दिली.

"तुझ्या आईला मी कधी वगळलं का? दरवर्षी आठवणीने बोलावते. आता तिला कुंकू लावलं की बाकीच्या बायका कुरकुरतात, म्हणून मी आतलं काम सांगते. तिचाही मान राहतो, कुणी दुखावतही नाही."

लिहिलेलं मी वाचून दाखवलं. "हो, असंच टाक," काकू म्हणाल्या. त्यांना त्यात काही खटकलंच नाही. मला रागापेक्षा त्याचीच भीती वाटली.

सरांनी ते वाचलं. चष्मा काढला.

"हे काढ."

"सर, तुम्हीच म्हणालात जसंच्या तसं."

"त्या घरगुतीपणाने बोलल्या गं. तेवढं काढ, बाकी पोस्ट चांगली आहे. मग मी तुझं नाव पाठवतो."

घरी आईला सगळं सांगितलं, वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. काकूंचं बोलणं आलं तेव्हा तिचे हात थांबले. वडील नको म्हणायचे तरी ती हळदीकुंकवाला जायची. वर्षातून एकदा चार मराठी बायकांत बसायला मिळतं, एवढ्यासाठी. मी म्हणाले, "हे टाकलं तर तुला परत बोलावणार नाहीत."

"त्यात माझं नाव टाकलं काय?" आईने विचारलं.

"नाही. 'एक महिला' लिहिलंय."

"मग टाक नं. आत तर मलाच पाठवलं होतं."

मी आईचं नाव टाकलं. खाली काकूंचं म्हणणं, पूर्ण. ज्या पानावर वर्ग हसला होता, त्याच पानावर.

इंटर्नशिपला दुसऱ्याचं नाव गेलं. पुढच्या संक्रांतीला आमच्या दारात कुणी आलं नाही. हॉलमधून माइकचा आवाज येत होता, तेव्हा आईने उठून खिडकी लावून घेतली. ते मला अजून टोचतं.

आता शिकाऊ पोरं माझ्याकडे लिखाण तपासायला पाठवतात. 'एक महिला', 'काही लोक' असं लिहून आणतात. मी विचारते, कोण? तिला विचारलंस का? ती हो म्हणत असेल तर नाव लिही. आणि ज्यांनी केलं त्यांचं बोलणंही लिही, एक शब्द न गाळता.

सरांचे निरोप अजून येतात. जुनी गोष्ट झाली, आता तरी काढ म्हणतात.

पोस्ट तिथेच आहे. मी काढणार नाही.