विन्सेंटसाठी फेटलेली कॉफी

आमची पोस्ट बर्फात होती. नाव सांगत नाही, सांगायचं नसतं. आम्ही नऊ जण. पोस्ट कमांडर नायब सुभेदार कदमसाहेब, साताऱ्याकडचे. मी नायक, मोखाड्यातल्या सूर्यमाळचा. आमच्या पाड्यावर डिसेंबरात लोक शेकोटीला बसतात आणि यंदा लई थंडी म्हणतात. मीही म्हणायचो. वर गेल्यापासून म्हणायचं सोडलं.

लान्स नायक विन्सेंट वसईचा. जिल्हा एकच, पण तो समुद्राकाठचा आणि मी डोंगरातला. तो मला डोंगऱ्या म्हणायचा. मी त्याला म्हणायचो, तुमच्याकडं पाणी खारट आणि माणसंही खारट. पोस्टवर नाताळ करणारा तो एकटाच. आमच्या गणपतीला आणि दिवाळीला ड्यूटी त्यानं मागून घेतली, भांडीही त्यानंच घासली. तेव्हाच कदमसाहेबांनी सांगून टाकलं, "विन्सेंट, तुझ्या सणाला तू हात हलवायचा नाही. आम्ही करू."

पोस्टवर सण म्हणजे फेटलेली कॉफी. हा आमचा रिवाज होता. सणाचं गोडधोड तिथं कुठून आणणार? प्रत्येकानं आपल्या रेशनमधली साखर आणि कॉफीच्या पुड्या आधीपासून बाजूला ठेवायच्या. सणाच्या दिवशी सगळं एका मोठ्या मगात टाकायचं आणि तो मग हातोहात फिरवायचा. ज्याचा सण त्यानं फेटायचं नाही, त्यानं फक्त रंग बघायचा. तो "झाली" म्हणेपर्यंत चमचा थांबवायचा नाही.

परवा जव्हारला, आता राहतो त्या घरी, माझ्या मुलीनं मोबाइलवर शहरातल्या हॉटेलातली नाताळची कॉफी दाखवली. वर मलई, त्यावर चॉकलेट. म्हणाली, "पप्पा, आपल्याकडं यंत्र नाही, कशी करायची?" मी म्हटलं, यंत्र कशाला, मनगट आहे की. जेवढी कॉफी तेवढी साखर, तेवढंच गरम पाणी, तेही चमच्याचमच्यानं. फेटत राहायचं. आधी काळं दिसतं, मग तांबूस, मग पिवळसर पांढरं होतं आणि चमच्याला धरून राहतं. हीच गरिबाची मलई. वरून गरम दूध, चिमूटभर सुंठ, असलं तर चॉकलेट किसून. आम्ही दूध पावडरीचं करायचो आणि रेशनचं चॉकलेट सुरीनं खरवडायचो. तिला जमली, चांगली जमली. मी मात्र उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

तर त्या नाताळसाठी पोरं दिवाळीपासून बिनसाखरेचा चहा पीत होती. मीही पीत होतो आणि विन्सेंटला रोज ऐकवत होतो, "तुझ्यापायी तोंड कडू झालं रे." तो हसायचा. त्या आठवड्यात हसताना खोकायचा. विचारलं की म्हणायचा, घसा धरलाय. कदमसाहेबांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, "ठीक आहे, साहेब." तोवर खालचा रस्ता उघडा होता.

मग बर्फ सुरू झालं आणि रस्ता गेला. चोवीस तारखेला सकाळी मी त्याला चहा द्यायला गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता. आडवं होता येत नव्हतं. ओठ निळे. रुमालात खोकला आणि रुमाल मुठीत लपवला. मी मूठ उघडली. गुलाबी थुंकी होती. उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं, त्याची ती खूण. ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना शिकवतात. त्यालाही शिकवली होती.

"कधीपासून?"

"चार दिवस."

"बोलला का नाहीस?"

त्यानं श्वास गोळा केला. "तुम्ही साखर ठेवली होती ना. मी खाली गेलो असतो तर कॉफी कुणासाठी केली असती?"

मला त्याचा राग आला. त्या क्षणी कानाखाली मारावीशी वाटली. कदमसाहेब थेट वायरलेस सेटवर गेले.

"बेस, पोस्ट फोर. एक पेशंट. श्वास लागलाय, थुंकी गुलाबी. ओव्हर."

पलीकडं डॉक्टर आले. "पोस्ट फोर, बसवून ठेवा. ऑक्सिजन लावा, इंजेक्शन द्या. लवकरात लवकर खाली आणा. ओव्हर."

"रस्ता बंद आहे. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"ढग हटल्याशिवाय उडता येणार नाही. ओव्हर."

ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. सिलिंडर किती पुरेल हे काट्यावर दिसत होतं, म्हणून आम्ही खाली न्यायचं ठरवलं. विन्सेंटला स्लीपिंग बॅगमध्ये बसतं बांधलं, दोर लावले, पाच जण निघालो. बर्फ कमरेपर्यंत. पुढचा माणूस दिसत नव्हता, दोर ताणला की तो आहे एवढं कळायचं. पहिल्या उतारावर पोचलो आणि वरच्या अंगाला बर्फ तडकल्याचा आवाज आला. कदमसाहेबांनी हात वर केला. आम्ही उभे राहिलो.

"परत," ते म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, हा जाईल."

"पुढं गेलो तर सगळे जातील. परत. हुकूम आहे."

हुकूम बरोबर होता. तरी त्यांना शिव्या द्याव्यात असं वाटलं. परत चढताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पापण्यांवर गोठत होतं. पोस्टवर पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि काटा लालमध्ये होता.

डॉक्टर सेटवरून सांगत होते, त्याला बोलता ठेवा, झोपू देऊ नका. काय बोलणार? वसईबद्दल विचारलं, आईबद्दल विचारलं. तो मान हलवायचा आणि डोळे मिटायचा. मग स्वतःच म्हणाला, "साहेब, कॉफीचा मग काढा."

नाताळ उद्या होता. कदमसाहेब म्हणाले, "काढा रे."

ठेवलेली सगळी साखर आणि कॉफी मगात टाकली. पहिला हात साहेबांनी मारला. मग पुढचा, मग पुढचा. दर थोड्या वेळानं मग त्याच्या तोंडासमोर धरायचा आणि विचारायचं, "विन्सेंट, बघ. झाली?" तो डोळे उघडायचा, मान नाही अशी हलवायचा. आम्हाला तेवढंच पाहिजे होतं. डोळे उघडायला हवे होते. कॉफी कधीच पांढरी झाली होती. ते त्याला दिसत होतं. तोही आम्हाला थांबू देत नव्हता, कारण थांबलो तर काय, हे त्यालाही ठाऊक होतं. मनगटं सुजली तरी मग फिरत राहिला. सिलिंडर संपला. बाहेर ढग तसाच. मी मनातल्या मनात आमच्या डोंगरातल्या देवाला आणि त्याच्या देवाला, दोघांनाही विनवण्या करत होतो. दिसेल त्याचे पाय धरले असते.

उजेड कमी व्हायला लागला तेव्हा मग माझ्या हातात होता. मी समोर धरला. "विन्सेंट, झाली का रे?"

त्यानं पाहिलं. "झाली," म्हणाला.

मी ओरडून दूध मागितलं. दूध तयारच होतं, नुसतं ओतायचं होतं. ओतून वळलो तोवर त्याची मान कलली होती. कदमसाहेबांनी गळ्यावर बोटं ठेवली, बराच वेळ ठेवली, मग टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी, नाताळला, आभाळ लख्ख झालं आणि हेलिकॉप्टर आलं. आम्ही त्याला उचलून आत ठेवलं आणि सॅल्यूट केला. लान्स नायक विन्सेंट, वय सव्वीस. वसईत त्याच्या अंगणात जाऊन मी त्याच्या आईला सगळं सांगितलं. कॉफीचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "लोकांचं मन मोडायला त्याला कधी जमलंच नाही."

आता मी रिटायर आहे. नाताळ आला की माझ्याकडून कॉफी व्हायची ती होते. कप देण्याआधी मी प्रत्येकाला विचारतो, बरं आहे ना, खरं सांग. मुलगी हसते. हसू दे. चार दिवस आधी खरं बोलून तो खाली गेला असता तर त्याचा आमच्यासोबतचा नाताळ बुडाला असता. एवढंच बुडालं असतं.