मूठ मला दिसली होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही — सुकदेवला तर नाहीच. बावीस वर्षं झाली. आणखी बावीस निघून गेली असती, पण पोरीच्या कॉलेजच्या वहीतल्या दोन चौकोनांनी मला पकडलं.

आधी मी कोण ते सांगतो. सुरतच्या मार्केटात कोऱ्या कापडाचा दलाल. अमळनेरकडून आलो तेव्हा जवळ एक पिशवी होती. जे झालो ते स्वतःच्या हिमतीवर झालो, असं मी चारचौघांत सांगतो. भावात मला कुणी गुंडाळत नाही. समोरचा गप्प बसला तरी मला त्याचा आकडा कळतो. डोकं लवकर तापतं — आमच्या लिंबायत भागात कुणालाही विचारा.

कोमल, माझी पोरगी, पहिल्या वर्षाला आहे. तिला संवाद नावाचा विषय आहे — एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत कसं पोचतं, याचं शास्त्र. मी हसलो. म्हटलं, "याला कॉलेज लागतं? माझ्याबरोबर मार्केटला चल, दोन दिवसांत पास होशील." ती म्हणाली, "तिथे तुम्ही एकटेच बोलता, पप्पा. तो संवाद नाही." बायको स्वयंपाकघरातून मोठ्याने हसली.

मग तिने वहीत दोन चौकोन काढले. एकात सांगणारा, दुसऱ्यात घेणारा. मधला बाण म्हणजे निरोप. बाणावर वेड्यावाकड्या रेघा — तो गोंगाट, निरोप बिघडवणारं जे काही असेल ते. आणि खालून उलटा येणारा बाण म्हणजे पोच. घेणाऱ्याने 'कळलं' म्हणून द्यायची. पोच आली नाही तर निरोप पोचला असं धरायचं नाही.

तेव्हा मी हसायचा थांबलो. हे मला येत होतं. दलालीच्या आधी मी लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला होतो; तिथे आम्ही दिवसभर हेच करायचो.

तिथे आवाज असा, की कानाला तोंड लावून ओरडलं तरी शब्द कळायचा नाही. म्हणून सगळं हातांनी. दोन बोटं एकमेकांवर घासली म्हणजे धागा तुटला. मूठ वर केली म्हणजे — मी मशीनमध्ये हात घालतोय, स्विच टाकू नको. ज्याला मूठ दिसली त्याने पंजा वर करायचा. पंजा ही पोच. पंजा दिसल्याशिवाय हात घालायचा नाही. या खुणा सुकदेवला मी शिकवल्या.

सुकदेव माझ्याच गावचा. मी त्याला सुरतला आणला, माझ्या खोलीत झोपवला. पुढे कारखान्यात मास्टर नेमायचा होता, सगळ्या रांगांवर देखरेख करायला. नंबर माझा होता. शेठने सुकदेवला सहज विचारलं आणि हा म्हणाला, "रामदास कामाला चांगला आहे, पण तापट आहे." मास्टर तोच झाला. तो राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. गेला असं लिहिलं तर आणखी एक खोटं होईल.

आणि त्या दिवशी — किती वेळा मी इथवर येऊन थांबतोय? त्या दिवशी आमची एक रांग बंद होती, बाकीच्या चालू. टोकाच्या लूमच्या दातेरी चाकात सूत अडकलं होतं. ते काढायला सुकदेव वाकला. रांगेचा स्विच माझ्यापाशी होता. त्याने मूठ वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

मला ती दिसली.

मी पंजा वर केला नाही. मान फिरवली. मास्टर झालाय ना — पोच हवी तर येऊ दे की चालत. तो आला नाही. नजरानजर झाली तेवढी त्याला पुरली असावी. त्याने हात घातला. आणि मी स्विच टाकला.

का? कारण सांगता येईल. पण मी दलाल आहे — कारण पुढे केलं की भाव पाडायला सुरुवात झाली, हे मला कळतं. म्हणून सांगत नाही. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

शेठने विचारलं तेव्हा मी म्हणालो, मी पाठमोरा होतो, मूठ दिसलीच नाही. सगळ्यांना पटलं. नियम नियम होता. पोच न घेता हात घातला, म्हणजे चूक सुकदेवची. त्याला घरी पाठवलं. महिन्याभरात मास्टर मी झालो. स्वतःच्या हिमतीवरचं माझं सगळं तिथून पुढचं आहे.

कोमलला घरातलं एखादं उदाहरण लिहून आणायला सांगितलं होतं. सुकदेवकाकाच्या बोटांची गोष्ट तिने लहानपणापासून ऐकलेली, तिने हीच निवडली. सुकदेव आता कामरेजला एका गोडाऊनवर वॉचमन आहे, राहतो आमच्या मागच्या गल्लीत. ती वही घेऊन त्याच्याकडे गेली. तो तिला आमच्या अहिराणीत म्हणाला, "चूक मनीच व्हती, बेटा. तुना बापनी पंजा वर कया नही, तरी मी हात घाला."

तिने तसंच लिहिलं. सांगणारा: सुकदेवकाका. घेणारा: पप्पा. गोंगाटामुळे खूण पोचली नाही, आणि सांगणाऱ्याने पोच येण्याची वाट पाहिली नाही. मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर आहे ना, पप्पा?"

बावीस वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा आला होता. या वेळी गोंगाट नव्हता. पंखा फिरत होता, तेवढाच.

मी म्हणालो, "बरोबर आहे."

तिने ते वर्गात वाचलं. मॅडमना आवडलं. माझं खोटं आता तिच्या अक्षरात आहे, शाईने, खाली रेघ मारून. तिच्या वहीत मी सगळीकडे शोधलं — ज्याला निरोप नीट मिळाला आणि तरी ज्याने तो दाबला, त्याच्यासाठी चौकोन नाही.

सकाळी सुकदेव नाक्यावर कामरेजच्या गाडीची वाट पाहत उभा असतो. मी स्कूटरवरून जातो. रिक्षांच्या कालव्यात हाक ऐकू येत नाही, म्हणून तो जुन्या थट्टेने डाव्या हाताची मूठ वर करतो आणि हसतो. मी हँडल सोडून पंजा वर करतो. लगेच. एक दिवसही चुकलो नाही.

आज सकाळीही केला.