मनूचा बारीक आवाज

ग्रुपमधल्या पत्रा ठोकणाऱ्या मंडळींनो, आज जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चिकलठाण्यात आमच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे. तीन वर्षं झाली, मी तिथं व्हिडिओ बघून ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून घडवायला शिकतोय. जुन्या स्कूटरचं मडगार्ड बनवलं तेव्हा तुम्हीच इथं कौतुक केलं होतं.

आज दुपारी कानाच्या डॉक्टरांकडं तपासणी झाली. मशीनमधले बारीक आवाज मला ऐकूच आले नाहीत.

"ठोकताना कानात काही घालता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय. सांगायला कुणी नव्हतं."

"ठोकण्याच्या आवाजानं जेवढं ऐकणं गेलं, ते आता परत यायचं नाही. लहान मुलांचं बोलणं तुम्हाला तुटक ऐकू येत असेल."

माझी सात वर्षांची मनू शेजारीच बसली होती. वर्षभर मी तिच्यावर खेकसतोय, "पुटपुटू नको, नीट बोल." हल्ली ती माझ्याशी बोलायचंच टाळायची. पोरगी लाजरी झालीय, असं मी सगळ्यांना सांगायचो.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिनं माझा हात ओढला. मी तिच्याजवळ वाकलो.

"पप्पा, म्हणजे मी नीटच बोलत होते ना?"

"व्हय बाळा. माझंच चुकलं."

त्यावर ती मान खाली घालून काहीतरी बोलली. ते मला कळलं नाही, आणि परत विचारायची हिंमत झाली नाही.

ठोकायला बसाल तेव्हा कानात इअरप्लग घाला. आणि ती काय म्हणाली ते तिला आता कसं विचारू, हे कुणाला सुचत असेल तर लिहा.