आबांना ऐकू आलेला सायलेन्सर

काल मंगळवार पेठेत वेल्डिंगचा वास आला आणि वीस वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. पहिल्या गाडीला दमदार आवाजाचा सायलेन्सर निवडायला मी वडिलांना, आबांना, गॅरेजात घेऊन गेलो होतो. त्यांना ऐकू येणं जवळपास बंद झालं होतं. मिस्त्री एकेक सायलेन्सर लावून गाडी सुरू करत होता. निळसर धूर उन्हात तरंगत होता. तिसऱ्या आवाजाला आबा एकदम हसले.

"ह्योच घे की! ह्यो मला ऐकू येतोय."

"आबा, गल्ली शिव्या घालंल."

"घालू दे. तू घरी आलास ते कळंल तरी मला."

मी त्यातल्या त्यात हळू आवाजाचा घेतला. त्यानंतर आबा रोज संध्याकाळी दारात उभे असायचे. घरात करमत नसेल, असंच मला तेव्हा वाटायचं.