पणजीपर्यंत न पोचलेला निरोप

माझे पणजोबा स्वातंत्र्यासाठी काळ्या पाण्यावर गेले आणि तिथेच वारले, हे मी लहानपणापासून ऐकत आले. शाळेत त्यावर भाषणही केलं होतं. ते बाबांनीच लिहून दिलं होतं.

पुढे नर्स होऊन मी ऑकलंडला आले. पेनरोजच्या क्लिनिकमधली माझी गोरी सहकारी चहाच्या सुट्टीत तिच्या खापरपणजोबांबद्दल खुशाल सांगायची. मेंढ्या चोरल्या म्हणून त्यांना टास्मानियाला धाडलं होतं. "तूही शोध ना," ती म्हणाली. मी हौसेने भारतात अर्ज पाठवला. आठ महिन्यांनी सरकारी दफ्तरातून कागदांच्या प्रती आल्या.

पणजोबा सोलापुरात धान्याच्या वखारीत हमाल होते. दुष्काळात चौघांना घेऊन त्यांनी तीच वखार फोडली. दरोडा, जन्मठेप. याची मला लाज वाटली नाही. घरात चूल पेटत नव्हती, त्यांनी ज्वारी आणली.

मी हादरले ते शेवटच्या कागदाने. अंदमानात दहा वर्षं काढल्यावर त्यांना झोपडी आणि जमिनीचा तुकडा मिळाला होता. बायको-मुलाला पाठवून द्यावं, असा अर्ज त्यांनी केला होता. उत्तर होतं, बायको यायला तयार नाही. खाली अंगठा त्यांच्याच सख्ख्या भावाचा.

आणि पणजी? नवरा तापाने गेला, असं याच दिराने तिला सांगितलं होतं, एवढं मी घरात ऐकलं होतं. ती कधीच कुंकू पुसून बसली होती.

मी पुण्याला फोन लावला.

"बाबा, पणजोबांनी पणजीला बोलावलं होतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"कशाला उकरून काढतेस आता?"

"कधी कळलं?"

"मॅट्रिकला होतो. तुझ्या आजोबांनी सांगितलं."

"तेव्हा पणजी होती?"

"होती. माझ्याच खोलीत झोपायची."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"चोराची बायको म्हटलं असतं गं लोकांनी तिला."

तिला, की तुम्हाला? हे मी विचारलं नाही. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातच खाली बसले. लेकीने विचारलं, "मम, आजोबांना माहीत होतं?" मी नुसती होकारार्थी मान हलवली.

पुढच्या रविवारी बाबांचा नेहमीसारखा फोन आला. तिकडे थंडी किती आहे, म्हणाले. मी थंडी सांगितली. ते हयात असेपर्यंत आम्ही हवेबद्दलच बोललो.